सुरक्षित अंतरावरची सेवा

फादर डेमियनवरचे पहिले आरोपपत्र त्याच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आत लिहून तयार झाले होते. हा बेल्जियन कॅथलिक पाद्री हवाई बेटांतल्या मोलोकाईवरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सेवा करत होता आणि १५ एप्रिल १८८९ रोजी तिथेच कुष्ठरोगाने वारला. २ ऑगस्टला होनोलुलूतील रेव्हरंड चार्ल्स हाइड या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने आपल्या एका सहकाऱ्याला खासगी पत्र लिहिले आणि ऑक्टोबरात ते सिडनीच्या एका प्रेस्बिटेरियन नियतकालिकात छापून आले. पत्र लहान आहे, पण त्यात काही सोडलेले नाही. डेमियन हा गावंढळ, घाणेरडा, हेकट आणि कर्मठ माणूस होता. त्याला मोलोकाईवर कोणी पाठवले नव्हते, तो आपल्याच मनाने गेला. वसाहतीत राहण्याचे पथ्य त्याने पाळले नाही, बेटभर हिंडला, होनोलुलूलाही येत राहिला. वसाहतीतल्या सुधारणा सरकारी आरोग्य मंडळाने केल्या, त्यांत त्याचा हात नव्हता. बायकांशी त्याचे वर्तन शुद्ध नव्हते, आणि झालेला रोग हे त्याच्या दुर्वर्तनाचे व निष्काळजीपणाचे फळ होते. यातले बायकांविषयीचे कलम आता कोणी उच्चारत नाही. बाकीची मात्र जिवंत आहेत, फक्त त्यांची भाषा सभ्य झाली आहे. आज डेमियनला घाणेरडा म्हणत नाहीत, त्याच्यापाशी व्यावसायिक शिस्त नव्हती असे म्हणतात. हेकट म्हणत नाहीत, त्याला हौतात्म्याची हौस होती असे म्हणतात. या सगळ्यामागे एक मत आहे आणि ते आता सेवेच्या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे: सेवा करावी ती थोडे अंतर राखून. जो सेव्य माणसांत स्वतःला ओतून देतो तो स्वतः बुडतो आणि त्यांच्याही फारसा उपयोगी पडत नाही. हे मत मला चुकीचे वाटते. डेमियनच्या बाबतीत तर ते उफराटेच आहे, कारण त्याचा दोष म्हणून जे दाखवले जाते तीच त्याची सेवा होती.

हे पटायचे तर त्या वसाहतीत लोकांना नेमके काय झाले होते, हे आधी पाहायला हवे. १८६५ मध्ये राजा पाचव्या कामेहामेहाच्या सहीने कुष्ठरोग्यांना अलग ठेवण्याचा कायदा झाला आणि जानेवारी १८६६ मध्ये पहिली तुकडी मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कालावाओला उतरवण्यात आली. जागा पाहूनच निवडलेली होती. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला दोन हजार फुटांच्या आसपासचा उभा कडा. रोग्यांनी तिथे शेती करून स्वतःचे पोट भरावे अशी आरोग्य मंडळाची पहिली कल्पना होती. बोटे झडलेल्या माणसांकडून ही अपेक्षा करणारे लोक दुष्ट नव्हते, ते फक्त लांब होते. कायदा रद्द होईपर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंत, सुमारे आठ हजार माणसे तिथे पाठवली गेली आणि त्यांतली बहुसंख्य मूळ हवाईयन होती. डेमियन तिथे पोचला त्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. पण जंतू दिसला म्हणून औषध मिळाले नाही. खरे गुणकारी औषध यायला पुढची सत्तर वर्षे जावी लागली. म्हणजे १८७३ मध्ये कालावाओच्या माणसासाठी वैद्यकाच्या हाती जखम धुण्यापलीकडे फारसे काही नव्हते. रोग त्याच्या त्वचेला आणि नसांना खात होता, ते थांबवणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. मात्र दुसरी एक इजा कायद्याने केली होती. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडले होते. ज्याच्या ताटातले कोणी खाणार नाही, ज्याला हात कोणी लावणार नाही, ज्याला मातीही धड मिळणार नाही, असा माणूस तयार केला होता. या इजेवर उपाय होता आणि तो करायला वैद्यकीची पदवी लागत नव्हती. फक्त तो उपाय दुरून करता येण्यासारखा नव्हता.

१० मे १८७३ रोजी डेमियन कालावाओला उतरला तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकरी घरातला, मजबूत हाडापेराचा, फारसा विद्वान नसलेला. तो आपल्या मनाने गेला हे हाइडचे म्हणणे खोटे आहे. त्याच महिन्यात माउई बेटावर एका देवळाच्या समर्पणप्रसंगी बिशप मेग्रे याने वसाहतीची निकड बोलून दाखवली, चार तरुण पाद्री पाळीपाळीने जायला तयार झाले, त्यांत पहिली पाळी डेमियनची आली आणि बिशप स्वतः त्याला पोचवायला गेला. पाळी संपवून परत न येण्याची मागणी मात्र त्याची स्वतःची. पहिल्या दिवसांत तो केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपला. नंतर त्याने जे केले त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात: वाईकोलू खोऱ्यातून पाण्याचा नळ आणायला लावला, घरे बांधली, देऊळ वाढवले, अनाथ मुलांसाठी वसतिगृह काढले, मेलेल्यांसाठी पेट्या स्वतः ठोकल्या, थडगी खणली, वादकांचा ताफा आणि गाणारी मंडळी उभी केली. यातल्या काही कामांत आरोग्य मंडळाचा पैसा आणि रोग्यांचे श्रम होते, एवढ्यापुरते हाइडचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि ते नाकारण्याची गरजही नाही. कारण डेमियनचे वेगळेपण या यादीत नाही. पाण्याचा नळ एखादा कार्यक्षम अधिकारीही आणू शकला असता. डेमियन जे करत होता ते सरकारी अहवालात मावणारे नव्हते. तो अळवाच्या कंदाचा लगदा, ज्याला तिथे पोई म्हणतात, रोग्यांच्या बरोबर एकाच भांड्यात बोटे घालून खात होता. आपली चिलीम त्यांना ओढायला देत होता. जखमांना हात लावत होता. आणि देवळात प्रवचन करताना ‘तुम्ही’ असे न म्हणता ‘आम्ही कुष्ठरोगी’ असे म्हणत होता. त्याने भावाला लिहिलेल्या पत्रावरून दिसते की हा शब्दप्रयोग त्याने १८७३ मध्येच सुरू केला होता. रोगाची पहिली निःसंशय खूण, उकळत्या पाण्याने पोळलेल्या पायाला वेदना न होणे, १८८४ च्या अखेरीस आली. मधली अकरा वर्षे तो निरोगी देहाने स्वतःला त्यांच्यात मोजत होता. त्याच्या त्यागाची गोष्ट सांगणारे बहुतेकजण पोळलेल्या पायापासून सुरुवात करतात आणि इथेच चुकतात. त्याला रोग झाला हा अपघात. अकरा वर्षांचा ‘आम्ही’ हा निर्णय होता.

हाइडला प्रसिद्ध उत्तर दिले ते कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने. डेमियन गेल्यावर सुमारे महिन्याभराने तो मोलोकाईला आठवडाभर राहून आला होता, तिथल्या मुलींबरोबर हातमोजे न घालता क्रोके खेळला होता, आणि फेब्रुवारी १८९० मध्ये सिडनीत त्याने ते जळजळीत अनावृत पत्र लिहिले. आजही डेमियनचा कैवार घेणारे त्याच पत्राचा आधार घेतात. मला तो आधार पुरेसा वाटत नाही. स्टीव्हन्सनची लढाई हाइडच्या ऐषारामाशी, त्याच्या होनोलुलूतल्या घराशी, पंथापंथातल्या असूयेशी आहे. आरोपांपैकी बरेचसे तो मान्य करतो; हो, गावंढळ होता, हो, घाणेरडा होता, पण तो गेला आणि तुम्ही घरी बसलात, असा त्याचा युक्तिवाद आहे. यात दोन गोच्या आहेत. एक म्हणजे, वसाहत जितकी भयानक रंगवावी तितका डेमियन मोठा ठरतो, आणि मग तिथली माणसे त्याच्या मोठेपणाची पार्श्वभूमी होऊन राहतात. दुसरे म्हणजे, हाइड फालतू ठरला तरी त्याने मांडलेला मुद्दा उरतोच. हाइड काही खलपुरुष नव्हता. हवाईयन पाळक घडवणारी संस्था तो चालवत होता आणि कष्टाळू होता. स्टीव्हन्सनलाही पुढे आपली भाषा फार कठोर झाल्याची खंत वाटली. तेव्हा हाइडची निंदा बाजूला ठेवून त्याचा मुद्दाच घेऊ: निष्काळजीपणा. काळजी घेऊनही सेवा झाली असती, मग हा माणूस एकाच भांड्यात का जेवला?

याला पुरावा म्हणून हल्ली मदर मेरियन कोपचे नाव पुढे केले जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजची ही फ्रान्सिस्कन भगिनी, रुग्णालये चालवण्यात मुरलेली. हवाईच्या सरकारने पन्नासाहून अधिक धर्मसंघांना विनवले तेव्हा एकट्या तिच्या संघाने होकार दिला आणि १८८३ मध्ये ती सहा भगिनींसह होनोलुलूला आली. नोव्हेंबर १८८८ मध्ये ती मोलोकाईच्या वसाहतीतल्या कालाउपापाला गेली आणि १९१८ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. हात धुण्याचा नियम तिने कडक पाळला आणि पाळायला लावला. तिला किंवा तिच्या भगिनींपैकी कोणालाही रोग झाला नाही. डेमियन २००९ मध्ये संत घोषित झाला, मेरियन २०१२ मध्ये. तेव्हा युक्तिवाद असा की तीस वर्षांची निरोगी सेवा सोळा वर्षांच्या हौतात्म्यापेक्षा सरस नाही काय? सरस असेलही, मला त्यात भांडण दिसत नाही. मात्र मेरियन अंतर राखत होती हे गृहीतच चुकीचे आहे. १८८६ मध्ये रोगाची लक्षणे घेऊन डेमियन होनोलुलूला आला, तेव्हा सरकारी अधिकारी आणि चर्चचे वरिष्ठ त्याला टाळत होते. त्याचे आतिथ्य केले ते मेरियननेच. कालाउपापाच्या मुलींसाठी तिने रंगीत कापड मागवले, चांगले कपडे शिवून घेतले, कारण या मुली मेलेल्या नाहीत हे त्यांना आणि इतरांना दिसायला हवे होते. हात धुणे हा जंतूशी ठेवायचा व्यवहार आहे, माणसाशी ठेवायचा नव्हे, आणि हा भेद तिला नीट कळत होता. डेमियनला जंतूविषयी तेवढे कळत नव्हते, त्याच्या काळात फारच थोड्यांना कळत होते. पण माणसाशी अंतर न ठेवण्याच्या बाबतीत दोघे एकाच बाजूला उभे आहेत. शिवाय एक गोष्ट आज वैद्यकाला पक्की ठाऊक आहे: बहुतेक माणसांना या रोगाविरुद्ध जन्मजात प्रतिकारशक्ती असते. वसाहतीत रोग्यांबरोबर वर्षानुवर्षे राहिलेले कित्येकजण निरोगी राहिले. डेमियन त्या थोड्या दुर्दैवी लोकांपैकी होता. त्याचा रोग हा त्याच्या प्रेमाचा पुरावा नाही आणि बेफिकिरीचाही नाही.

अंतर राखून काम करणाऱ्यांचाही हिशोब एकदा मांडायला हवा, कारण तो सहसा मांडला जात नाही. त्याच वर्षांत हवाईत आर्निंग नावाचा जर्मन वैद्य सरकारच्या मदतीने कुष्ठरोगावर संशोधन करत होता. हा हुशार आणि शिस्तीचा माणूस. डेमियनची तपासणीही त्याने केली. १८८४ मध्ये त्याने कियानू नावाच्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या शरीरात कुष्ठरोग्याच्या गाठीतला अंश बसवला. बदल्यात कैद्याची फाशी टळली. कियानूला रोग झाला, त्याची रवानगी मोलोकाईला झाली आणि १८९२ मध्ये तो तिथे मेला. खुद्द हान्सेनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता असाच प्रयोग केला आणि न्यायालयाने १८८० मध्ये त्याला रुग्णालयातल्या पदावरून काढले. दुसरा एक सरकारी वैद्य, फिच, कुष्ठरोग ही उपदंशाचीच पुढची अवस्था आहे असे मानत होता. बायकांविषयीच्या अफवेला शास्त्राचा मुलामा मिळाला तो अशा मतांमुळे. ही सगळी माणसे अंतर राखूनच वागत होती. अंतरामुळे निर्णय स्वच्छ होतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही उदाहरणेही जमेस धरावीत. मला संशोधन नको आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. औषध अखेर संशोधनानेच दिले. पण रोगी हा आपल्यातला नाही असे एकदा ठरले की त्याच्यावर काय काय करता येते याला मर्यादा उरत नाही, आणि ती मर्यादा त्या काळी मोलोकाईवर एकाच भांड्यात जेवणाऱ्यांनी सांभाळली.

ख्रिस्ती मंडळींच्या आतूनच एक वेगळी हरकत येते आणि ती जास्त गंभीर आहे. असा स्वतःला जाळणारा सेवक आदर्श म्हणून ठेवला तर इतर सेवक उन्मळून पडतात. झोप, विश्रांती, मित्र, कबुलीजबाब ऐकणारा कोणीतरी, हे सगळे सेवकालाही लागते. बरोबर आहे. डेमियनला हे मिळाले नाही. सुरुवातीच्या काळात त्याच्या वरिष्ठाला वसाहतीत उतरायची मुभा नव्हती, म्हणून डेमियनने होडीत उभे राहून बोटीवरच्या वरिष्ठाला ओरडून आपला पापकबुलीजबाब दिला, हे सर्वश्रुत आहे. कायमचा सहकारी म्हणून धर्मगुरू त्याने कित्येक वर्षे मागितला. बराच काळ मिळाला नाही, मिळाले त्यांच्याशी त्याचे जमले नाही. तो भांडखोर होता, दारूच्या अड्ड्यांवर काठी घेऊन जात होता, हे त्याच्याविषयी आदराने लिहिणाऱ्या अँब्रोझ हचिसननेही सांगितले आहे. हचिसन स्वतः रोगी आणि पुढे वसाहतीचा मुख्य व्यवस्थापक. पण या एकटेपणाचा दोष कोणाचा? चार पाद्री पाळीपाळीने जायचे ठरले होते, एकाने कायमची पाळी पत्करली आणि बाकीची व्यवस्था सुटली. एका माणसाच्या त्यागावर संस्थेने आपली जबाबदारी टाकून दिली, हा चर्चच्या वरिष्ठांचा अपराध आहे, आणि तो आजही मठांत, मिशनच्या दवाखान्यांत, सेवाभावी संस्थांत चालू आहे. त्याबद्दल संस्थेला धारेवर धरावे. त्याऐवजी त्यागालाच चूक ठरवणे हे संस्थांच्या फार सोयीचे आहे.

खरे तर त्यागाविषयी सावध राहायला ख्रिस्ती शास्त्रानेच शिकवले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की सर्वस्व वाटून टाकले, देहही अर्पण केला आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. म्हणजे देह झिजवणे ही प्रीतीची खात्री नव्हे, हे त्याला पुरते ठाऊक होते. दुसऱ्या पत्रात तो त्याच मंडळीला सांगतो की आमचे हृदय तुमच्यासाठी मोकळे झाले आहे, तुम्हीही आपले मोकळे करा. हे पत्र भांडणातून लिहिलेले आहे. करिंथच्या लोकांना पौलाविषयी संशय होता, त्याच्या वक्तृत्वाला आणि दिसण्याला ते नाके मुरडत होते. तरी तो त्यांच्यापुढे आपले अंतरंग उघडे टाकतो, रुसतो, विनवतो, दुखावल्याचे लपवत नाही. ख्रिस्ती सेवेत उघड्या मनाला हा अर्थ आहे: ज्याची सेवा करतो त्याला आपल्याला दुखावण्याची मुभा देणे. देणाऱ्याचा हात नेहमी वर राहिला तर घेणाऱ्याला फक्त आभार मानता येतात. तो भांडू शकत नाही, नाकारू शकत नाही, बरोबरीने बसू शकत नाही. कालावाओच्या लोकांना डेमियनशी भांडता येत होते, आणि ते भांडत होते. सुरक्षित अंतरावरून चालणाऱ्या किती सेवाकेंद्रांत लाभार्थ्याला ही मुभा असते?

आता धर्मांतराचा मुद्दा, जो आपल्याकडे अशा चर्चेत टाळून चालणार नाही. डेमियनची सेवा ही माणसे ख्रिस्ताकडे ओढण्यासाठी होती, हा आरोप खरा आहे. ‘आम्ही कुष्ठरोगी’ ज्या पत्रात आहे त्याच पत्रात तो म्हणतो की सर्वांना येशू ख्रिस्तासाठी मिळवावे म्हणून मी हे करतो. त्याने हेतू लपवला नाही, आपणही लपवू नये. पण आमिष कशाला म्हणायचे? अन्नधान्य सरकार देत होते, जमीन सरकारची होती, बाहेर सोडण्याचा अधिकार डेमियनला नव्हता. त्याच्या देवळात न येणाऱ्याचे काही अडत नव्हते. वसाहतीत प्रॉटेस्टंट होते, मॉर्मन होते, जुन्या हवाईयन श्रद्धांचे लोक होते, आणि त्यांचे देव त्यांच्यापाशी राहिले. जोनाथन नापेला हा हवाईयन मॉर्मन पुढारी, आपल्या पंथाचा ग्रंथ हवाईयन भाषेत आणण्याच्या कामात ज्याने मोठी मदत केली होती, डेमियन आला त्याच वर्षी वसाहतीत आला. कॅथलिक दृष्टीने तो पाखंडी. डेमियनची आणि त्याची मैत्री झाली आणि टिकली. आमिषाची कसोटी ही असावी की घेणाऱ्याने नाही म्हटले तर देणारा उठून जातो का. डेमियन सोळा वर्षांत उठून गेला नाही. ज्या मिशनांनी दुष्काळात नाव नोंदवल्याशिवाय धान्य दिले नसेल त्यांच्यावर हा आरोप खुशाल ठेवावा. तिथे मी बचावाला येणार नाही.

नापेलाची गोष्ट इथेच संपत नाही, आणि सर्वांत धारदार आक्षेपाचे उत्तर तिच्यात आहे. तो आक्षेप असा: डेमियनची कीर्ती ही गोऱ्या तारणहाराची कथा आहे, हवाईयन रोग्यांनी आणि त्यांच्या माणसांनी स्वतःसाठी जे केले ते तिने झाकून टाकले. जुलै २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी वॉशिंग्टनच्या कॅपिटलमधील डेमियनच्या पुतळ्याकडे बोट दाखवून विचारले की हवाईचे प्रतिनिधित्व राणी लिलिउओकलानीने का करू नये? डेमियनने चांगले काम केले असेल, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांची तक्रार पुतळे निवडण्याच्या रीतीविषयी होती. ती तक्रार रास्त आहे आणि तिचा पुरावा मोलोकाईवरच आहे. नापेला निरोगी होता. रोग त्याच्या बायकोला झाला होता. तिला एकटीला जाऊ द्यायचे नाही म्हणून तो बरोबर आला, त्याला रोग जडला आणि १८७९ मध्ये, डेमियनच्या दहा वर्षे आधी, तो मेला. असे सोबत येणारे नवरे, बायका, आया, मुले शेकड्यांनी होती. त्यांना कोकुआ म्हणत. डेमियन येण्यापूर्वी सात वर्षे ते जखमा धूत होते, मुडदे उचलत होते, आणि त्यांच्या नावाचा पुतळा कॅपिटलमध्ये नाही. पुढे सोबत जाऊ देणे सरकारने आवळत आणले. १८९३ मध्ये काउआई बेटावरच्या कोओलाऊने बायकोला मागे टाकून जायला नकार दिला, बंदूक उचलली आणि डोंगरात लपून तिथेच मेला. पण या वस्तुस्थितीने डेमियन लहान होत नाही. त्यागाचे माप त्या बेटांवर हवाईयन लोकांनी आधीच घालून दिले होते. परका माणूस त्या मापाला उतरला, ज्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते त्यांचा कोकुआ झाला. राजकन्या असताना लिलिउओकलानी १८८१ मध्ये वसाहतीत येऊन गेली आणि त्याच वर्षी राजा कालाकाउआच्या नावाचा सन्मान डेमियनला मिळाला. १८९३ मध्ये याच राणीला पदच्युत करणाऱ्यांच्या म्होरक्यांत अमेरिकन मिशनऱ्यांची मुले-नातवंडे होती, म्हणजे हाइडच्या वर्तुळातली माणसे. वसाहतवादाचा आरोप करायचा तर पत्ता तरी बरोबर असावा.

मराठी वाचकाच्या मनात इथे बाबा आमट्यांचे नाव येतेच. आमट्यांनी रोग्यांना उभे केले, डेमियन त्यांच्याबरोबर मेला, ही तुलना आपल्याकडे सहज केली जाते, आणि ती कालक्रमाच्या अज्ञानावर उभी आहे. आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा सल्फोन ही या रोगावरची पहिली गुणकारी औषधे नुकतीच हाती आली होती. बरा होऊ शकणाऱ्या माणसाला काम देता येते. १८७३ मध्ये बरा होणारा माणूसच नव्हता. शिवाय आमट्यांच्या कार्याची सुरुवात तरी कशातून झाली? वरोऱ्याच्या रस्त्यावर पडलेल्या मरणासन्न रोग्याला पाहून ते घाबरून पळाले आणि त्या भीतीची लाज वाटून परत गेले, असे ते स्वतःच सांगत. आनंदवनाची शेते आणि कारखाने त्यानंतरचे. आधी अंतर मोडावे लागले.

एक गोष्ट मात्र डेमियनच्या विरोधात खरोखर जाते आणि ती त्याचे भक्त सांगत नाहीत. त्याच्या मृत्यूने जगभर कुष्ठरोगाची भीती वाढली. युरोपियन माणसालाही रोग होतो हे दिसताच त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कुष्ठरोगाला साम्राज्यावरचे संकट ठरवणारे पुस्तक निघाले. डेमियनच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून हिंदुस्थानात १८९० ते ९१ मध्ये एक आयोग आला. त्या आयोगाने रोग्यांत मिसळून पाहणी केली आणि संसर्गाचा धोका फार थोडा आहे, सक्तीने अलग ठेवण्याची गरज नाही, असे सांगितले. तरीही १८९८ मध्ये निराधार रोग्यांना डांबण्याचा कायदा झालाच. मोलोकाईच्या माणसाचा मृत्यू लांबून वाचणाऱ्यांनी त्यातून भिंती उभारल्या, हे त्याचे दुर्दैव, आणि आपलेही.

औषधाने हे आपोआप सुटते, माणसाच्या जवळिकीची गरज उरत नाही, असे मानणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. हवाईत सल्फोन औषधे १९४६ मध्ये पोचली; अलग ठेवण्याचा कायदा तेवीस वर्षे अधिक टिकला. भारतात १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाला, त्याने रोग पूर्ण बरा होतो. तरी १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे किंवा पोटगीच्या वादातले कारण असल्याच्या तरतुदी संसदेने पाच कायद्यांतून काढल्या त्या २०१९ मध्ये. मधल्या वर्षांत रोगजंतू मेले होते आणि माणसे बाहेरच होती. सुरक्षित अंतर हे सेवेचे पहिले तत्त्व आहे असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी या वर्षांचा हिशोब द्यावा.